नोकरी सांभाळून मार्शल आर्ट शिकताना: पहिल्या वर्षाचा क्रम, टप्प्याटप्प्याने

नागपुरातल्या संध्याकाळच्या क्लासला तिशी-चाळिशीतली मंडळी दोन हंगामांत येतात. एक जूनमध्ये, मुलांच्या शाळा सुरू झाल्या की. दुसरी जानेवारीत, नव्या वर्षाचा निश्चय करून. त्यातले बरेच जण तिसऱ्या महिन्यात दिसेनासे होतात. कुठे रस्त्यात भेट झाली आणि विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: "गुडघा दुखून राहिला ना सर." मग वयाला दोष दिला जातो, वजनाला दिला जातो. माझ्या पाहण्यात खरं कारण बहुतेक वेळा क्रम चुकणं हेच असतं. आधी महागडा ड्रेस येतो, मग डोक्याच्या उंचीची किक, मग स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत. उभं कसं राहायचं आणि पडायचं कसं, हे शिकायचं राहूनच जातं.

हा लेख अशा हौशी माणसासाठी आहे, ज्याला पदकं जिंकायची नाहीत. नोकरी, दुकान, घर सांभाळून आठवड्यातून दोन-तीन दिवस शिकायचं आहे आणि पुढची अनेक वर्षं शिकत राहायचं आहे. उदाहरणं बहुतेक कराटेतली आहेत, कारण ते मला जवळून माहीत आहे. तायक्वांदो, ज्युदो किंवा लाठीकाठी शिकणाऱ्यांनाही क्रम हाच लागू पडतो. जिथे फरक आहे तिथे तसं लिहिलं आहे.

टप्पा १: पहिल्या क्लासच्या आधी शरीराची पाहणी

रक्तदाब, साखर, दमा, हृदयाचा त्रास, कंबरेची चकती सरकलेली असणं, गुडघ्याची जुनी दुखापत यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. "व्यायाम करू का?" एवढं विचारू नका, त्याला सगळेच डॉक्टर हो म्हणतात. नेमकं विचारा: उड्या, एका पायावर वळणं, जमिनीवर पडणं आणि जोडीदाराशी झटापट, यांतलं मला काय चालेल? मधुमेह असेल तर पायाच्या तळव्यांची संवेदना तपासून घ्या. बहुतेक क्लास अनवाणी चालतात आणि संवेदना कमी झालेल्या पायाला जखम झालेली कळत नाही.

घरी करायच्या तीन साध्या चाचण्या:

- हात छातीवर बांधून खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा.
- एका पायावर अर्धा मिनिट उभे राहा, मग दुसऱ्या पायावर.
- मांडी घालून जमिनीवर बसा आणि शक्यतो हाताचा आधार न घेता उठा.

यातलं एखादं जमलं नाही तर क्लास रद्द करू नका. तीन आठवडे रोज अर्धा तास भरभर चालणं, जिने चढणं आणि हीच खुर्चीची उठबस करा, मग नाव घाला. अशी तयारी करून आलेला माणूस पहिल्या महिन्यात कितीतरी कमी दुखतो.

सावधान: शरीराचा त्रास सरांपासून लपवू नका. "सांगितलं तर घेणार नाहीत" या भीतीने लोक गप्प बसतात आणि पहिल्याच आठवड्यात बेडूकउड्या मारतात. कागदावर दोन ओळी लिहून सरांच्या हातात द्या.

टप्पा २: आपल्या उन्हाळ्याचा हिशेब

नागपुरात सरावाचं वेळापत्रक घड्याळापेक्षा हवामान जास्त ठरवतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दिवसभर तापलेलं टिनाचं शेड आणि सिमेंटचं ग्राउंड संध्याकाळी सातलाही उष्णता फेकत असतं. नव्या माणसाने एप्रिल-मेमध्ये संध्याकाळच्या बॅचला सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाळा लागल्यावर किंवा दिवाळीनंतर सुरुवात करा. उन्हाळ्यातच करायची असेल तर पहाटेची बॅच घ्या, आणि पहिले दहा-बारा दिवस निम्म्याच जोराने करा म्हणजे शरीराला उन्हाची सवय होते.

क्लासला येण्याआधी दोन तासांत पाणी थोडं थोडं पीत राहा. सरावाच्या मध्ये मीठ-साखर-लिंबाचं पाणी किंवा पन्हं घ्या. घाम भरपूर जात असताना नुसतं साधं पाणी ढोसल्याने भागत नाही.

सावधान: डोकं ठणकणं, मळमळ, पायात गोळे ही थांबण्याची खूण आहे. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापलेलं आहे, तोल जातो आहे, तर तो उष्माघात समजा. लगेच सावलीत न्या, ड्रेस सैल करा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

हिवाळ्यात उलटा प्रश्न येतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० अंशांच्या आसपास थंडी असते, स्नायू आखडलेले असतात. तेव्हा वॉर्म-अप दुप्पट वेळ करा आणि अंगात ऊब आल्याशिवाय पाय ताणू नका.

टप्पा ३: क्लास निवडा, कला नंतर

बहुतेक जण आधी कला ठरवतात आणि मग तिच्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जायला निघतात. मानेवाड्यात राहणारा माणूस संध्याकाळच्या गर्दीतून आठवड्यात तीनदा मानकापूरला जाईन म्हणतो. पंधरा दिवस जातो. तुम्ही ऑफिसमधून थकून निघाल्यावरही जाऊ शकाल असा क्लास शोधा: घरापासून किंवा ऑफिसपासून वीस मिनिटांच्या आत, किंवा तुमच्या रोजच्या मेट्रोच्या वाटेवर. जवळ चांगला ज्युदोचा क्लास आहे आणि कराटेचा लांब आहे, तर ज्युदो शिका.

शरीराने मात्र काही दारं बंद केलेली असू शकतात. कंबरेचा त्रास असेल तर ज्युदो-कुस्तीतली उचल आणि फेक जपून. गुडघे नाजूक असतील तर तायक्वांदोच्या उड्या आणि फिरत्या किक जपून. खांदा निखळण्याचा इतिहास असेल तर पकडीचा कुठलाही प्रकार डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नको. लाठीकाठीला अंगाशी झटापट कमी, पण मनगट आणि खांद्यावर ताण जास्त.

पैसे भरण्याआधी एक पूर्ण क्लास बाजूला बसून पाहा. पाहताना या गोष्टींकडे लक्ष द्या.

जमीन कशी आहे? कराटे गुळगुळीत फरशीवर चालतं, खडबडीत सिमेंटवर तळवे सोलतात. ज्युदोला नीट मॅट हवीच. साधारण ४-५ सेंटिमीटर जाडीची, घट्ट, जोडांमध्ये फट नसलेली. पातळ फोमच्या तुकड्यांवर फेकाफेक चालू असेल तर नमस्कार करून निघा.

नवे लोक काय करत आहेत? त्यांना कोणी बघतंय का, की मागच्या रांगेत नुसते नक्कल करत उभे आहेत? सर चूक दाखवतात तेव्हा हात धरून, पाय सरकवून दाखवतात की फक्त ओरडतात? मोठ्यांची वेगळी रांग आहे की दहा वर्षांच्या मुलांबरोबरच धावायचं? स्पॅरिंग चालू असेल तर तोंडात माउथगार्ड आहेत का? प्रथमोपचाराची पेटी डोळ्यांना दिसते का? बायकांना, मुलींना शिकवताना वागणूक कशी आहे? जोडीदार बदलायचा असेल तर तो बदलून मिळतो का?

मग सरांना विचारा: बेल्ट परीक्षेची फी वेगळी किती, स्पॅरिंग सक्तीचं आहे का, तुम्ही नसाल त्या दिवशी कोण शिकवतं, तुमची शैली आणि संघटना कोणती. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. कराटेत संघटना अनेक आहेत आणि एकीचा बेल्ट दुसरीकडे मान्य होईलच असं नाही. उद्या बदली होऊन पुण्याला गेलात तर हा प्रश्न उभा राहतो.

तपासा: एका वर्षात ब्लॅक बेल्टचं आश्वासन मिळालं, किंवा पहिल्याच दिवशी वर्षाची फी एकदम मागितली, तर दुसरा क्लास पाहा. पहिले तीन महिने महिन्याच्या फीवरच शिका.

टप्पा ४: सामान, आणि ते कधी घ्यायचं

पहिला महिना ट्रॅक पँट आणि सुती टी-शर्ट पुरेसा. नखं हाता-पायाची कापलेली, अंगठी, कडं, बांगड्या, चेन, मंगळसूत्र काढून ठेवलेलं. टॉवेल आणि पाण्याची बाटली स्वतःची. एवढंच.

महिना टिकलात की ड्रेस. आपल्या हवेला हलक्या कापडाचा घ्या. स्पर्धेत कडक आवाज करणारा जाड ड्रेस उन्हाळ्यात अंगावर नकोसा होतो. सुती कापड धुतल्यावर आटतं, म्हणून एक माप मोठं घ्या आणि गरम पाण्यात धुऊ नका. वर्गातल्या जुन्या विद्यार्थ्याचा ड्रेस अंगावर धरून माप बघणं सगळ्यात खात्रीचं. माउथगार्ड, शिन गार्ड, ग्लोव्हज, पुरुषांना ग्रोइन गार्ड, हे सगळं स्पॅरिंग जवळ आल्यावर.

बेल्ट बांधणं इथेच शिकून घ्या, कारण वर्षभर चुकीची गाठ मारणारे मी पाहतो. बेल्टचा बरोबर मध्य बेंबीच्या खाली धरा. दोन्ही टोकं मागे न्या, पाठीवर एकमेकांवरून ओलांडा आणि पुढे आणा. टोकं सारखी आहेत ना बघा. आता डावं टोक उजव्यावर ठेवा आणि तेच डावं टोक दोन्ही पदरांच्या खालून वर काढून ओढा. वर आलेलं हे टोक तुमच्या उजवीकडे वाकवा. खाली उरलेलं टोक डावीकडे घ्या, उजवीकडचं टोक त्यावरून न्या आणि तयार झालेल्या फटीतून खालून वर ओवून ओढा. गाठ सपाट आणि आडवी बसली, दोन्ही टोकं तिरकी खाली लोंबली, तर बरोबर. एक टोक वर आणि एक खाली असं उभं राहिलं तर शेवटचा पदर उलट ओवला गेला आहे. ती गाठ दहा मिनिटांत सुटते.

टप्पा ५: पहिला महिना, पायापासून वर

क्रम असा: उभं राहणं, सरकणं, हात, मग पाय. किक शेवटी येते. क्लासमध्ये सगळं एकाच दिवशी दाखवतील, पण तुमचं लक्ष या क्रमाने ठेवा.

पुढचा पवित्रा, म्हणजे झेनकुत्सु-दाची, पहिल्याच दिवशी शिकवतात आणि गुडघे इथेच बिघडतात. खांद्याइतकं रुंद अंतर ठेवा आणि एक पाय सरळ पुढे न्या. पुढची नडगी जवळजवळ उभी, गुडघा पंजाच्या दिशेनेच. मागचा पाय सरळ, टाच जमिनीला. वजन पुढच्या पायावर किंचित जास्त. आता खाली बघा. पुढचा गुडघा अंगठ्याच्या आतल्या बाजूला झुकलेला दिसला तर लगेच बाहेर ढकला. नव्या माणसाच्या गुडघेदुखीची ही सगळ्यात मोठी वाट आहे आणि ती कुणाच्याही आधी स्वतःच्या डोळ्यांना दिसते. दुसरी चूक म्हणजे दोन्ही पाय एका रेषेत येणं. कुणी हलकेच ढकललं तरी तोल जातो. तिसरी चूक, फार खोल बसणं. पहिले तीन महिने थोडं उंचच राहा.

मूठ. चारही बोटं टोकापासून गुंडाळत आणा, फट राहू देऊ नका. अंगठा बाहेरून, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरांवर. अंगठा मुठीच्या आत ठेवला तर तो मोडू शकतो. मार लागतो तो तर्जनी आणि मधल्या बोटाच्या ठळक हाडांनी. मूठ भिंतीला टेकवून हलकं वजन द्या: कोपरापासून त्या दोन हाडांपर्यंत सरळ रेघ दिसली पाहिजे. मनगट वर किंवा खाली मुडपत असेल तर आधी ते सुधारा, पंचिंग बॅगला हात लावू नका.

हवेत पंच मारताना कोपर झटक्याने पूर्ण सरळ करू नका. पूर्ण सरळ होण्याच्या किंचित आधी थांबवा. कोपर महिनाभर दुखतं आणि लोकांना वाटतं ताकद वाढते आहे.

समोरची किक चार भागांत करा: गुडघा वर, पाय लांब, पाय परत, मग जमिनीवर. तिसरा भाग गाळणारे सगळे पुढे कोसळतात. भिंतीचा आधार घेऊन कंबरेच्या उंचीवर हळू करा. चारही भाग वेगळे दिसले की उंचीचा विचार करायचा, त्याआधी नाही. गोल किकमध्ये तर खालच्या पायाकडे जास्त बघा. वरचा पाय फिरतो तेव्हा टेकलेल्या पायाचा पंजाही वळला पाहिजे. खडबडीत ग्राउंडवर अनवाणी पाय अडकतो, शरीर फिरतं आणि पिळा गुडघ्याला बसतो. म्हणून टाच किंचित उचला, पंजावर वळा, मग किक.

आता पडणं. ज्युदोत ते पहिल्याच दिवसापासून शिकवतात. कराटेच्या क्लासमध्ये नसेल तर सरांना आवर्जून मागा. मॅटवर उकिडवं बसा, हनुवटी छातीला चिकटवा, हात समोर आणा. पाठ गोल ठेवून मागे लवंडा आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात, पंजापासून कोपरापर्यंत, अंगापासून साधारण ४५ अंशांपेक्षा कमी अंतरावर जमिनीवर आपटा. श्वास बाहेर सोडा. डोकं जमिनीला लागता कामा नये. बसून पक्कं झालं की उकिडव्यातून थोडं उंच, मग उभं राहून.

सावधान: पडताना हात मागे टेकवून स्वतःला वाचवायची उपजत सवय असते. मनगटं त्यातच मोडतात. ती सवय जाईपर्यंत उभ्याने पडायचं नाही. आणि फरशीवर हा सराव करायचा नाही. मॅट नसेल तर जाड गादीवर.

टप्पा ६: घरचा सराव आणि वही

आठवड्याचे दोन क्लास आठवण टिकवायलाही पुरत नाहीत. क्लास नसलेल्या दिवशी पंधरा मिनिटं घरी करा. एक तास करू म्हणणारे आठवडाभरही करत नाहीत, म्हणून पंधराच.

जागा सहा फूट बाय सहा फूट हवी. पंख्याची पाती आणि टीव्ही आधी बघून घ्या. उन्हाळ्यात कूलरसमोरची फरशी ओलसर असते, तिथे किक मारू नका. गच्ची पहाटे उत्तम.

तीन मिनिटं सांधे फिरवणं आणि जागेवर चालणं. पाच मिनिटं एकच तंत्र, अगदी सावकाश, जपानीत एक ते पाच मोजत: इची, नी, सान, शी, गो. पाच मिनिटं काताचा, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींच्या मालिकेचा, एक तुकडा. दोन मिनिटं ताण. रोज तंत्र बदलू नका. एक आठवडा एकच.

काता शिकतानाही क्रम लागतो. पहिल्यांदा फक्त पाय: कुठून कुठे गेलो, कुठे वळलो. हात कंबरेवर ठेवून पूर्ण नकाशा चाला. मग हात जोडा. मग वळणं स्वच्छ करा. नव्या माणसाचा काता वळणावरच तुटतो. श्वास आणि वेग त्यानंतर. प्रत्येक हालचाल कशासाठी आहे हे सरांकडून समजून घ्या, म्हणजे ब्लॉकचा, वार अडवण्याचा, हात कपाळाजवळ नेमका कुठे थांबायचा हे पाठ करावं लागत नाही.

इथली सर्रास होणारी चूक म्हणजे मोबाइलवर बघून पुढचा काता आधीच शिकणं. शैलीप्रमाणे काता बदलतात. शोतोकानमध्ये ज्याला हेइआन शोदान म्हणतात, तोच इतर काही शैलींत पिनान निदान म्हणून येतो, आणि तिथला पिनान शोदान म्हणजे शोतोकानचा दुसरा काता. दिसायला सारखं, पण पवित्रा वेगळा, हात वेगळा. असं शिकून आलेल्याला आधी विसरायला लावावं लागतं आणि त्यात महिने जातात. मोबाइल वापरायचाच तर स्वतःला शूट करायला वापरा: एकदा समोरून, एकदा बाजूने. बाजूने काढलेल्या व्हिडिओत पुढे कललेली पाठ आणि उचललेली टाच लगेच दिसते.

वही ठेवा. क्लास संपल्यावर गाडी काढण्याआधी तीन ओळी: आज काय शिकवलं, सरांनी माझी कोणती चूक दाखवली, पुढच्या वेळी काय विचारायचं. एक नमुना:

"मंगळवार. वरचा ब्लॉक. सर म्हणाले, कोपर बाहेर जातं, खांदा उचलला जातो. विचारायचं: मागे सरकताना आधी पाय की आधी हात?"

सगळ्यात मौल्यवान ओळ मधली आहे. घरच्या पंधरा मिनिटांत काय करायचं ते तीच सांगते.

तपासा: महिन्याच्या शेवटी वही उघडा. एकच चूक चार वेळा लिहिलेली दिसली तर पुढचा महिना तिच्यासाठी.

टप्पा ७: जोडीदार

आधी ठरलेले हल्ले: पाच पावलांचे, तीन पावलांचे, मग एका पावलाचे. कोण काय मारणार हे दोघांना माहीत असतं, तरीही अंतर आणि वेळ चुकते. शिकायचं तेच असतं. मोकळं स्पॅरिंग त्यानंतर, आणि कधी ते सर ठरवतील. पहिल्या सहा महिन्यांत ते राहिलं तर काही बिघडत नाही.

जोडीदार शक्यतो तुमच्या वजनाचा. ८० किलोच्या माणसाने शाळकरी मुलाबरोबर पकडीचा सराव करणं धोक्याचं आहे, मूल कितीही तरबेज असो. पकडीच्या प्रकारात दोनदा थाप म्हणजे ताबडतोब सोडणं; हात अडकलेला असेल तर तोंडाने सांगा. थाप देण्यात कमीपणा नाही, उशिरा देण्यात खांदा जातो. चष्मा असेल तर तो काढून किती दिसतं हे आधी बघा आणि जोडीदाराला सांगा.

सावधान: डोक्याला मार लागून गरगरलं, उलटी झाली, क्षणभर काही आठवेना, तर त्या दिवसाचा सराव संपला. स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी हो म्हणेपर्यंत स्पॅरिंग बंद.

टप्पा ८: दुखणं, दुखापत आणि त्वचा

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या, पोटऱ्या, पोट जड होऊन दुखणं स्वाभाविक आहे. दोन्ही बाजूंना सारखं दुखतं आणि हलकं चालल्यावर कमी होतं. एकाच सांध्यात टोचणारी कळ, सूज, "कट" असा आवाज, पाय टेकवताना लटपटणं ही दुखापत आहे. थांबा. कपड्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, मग काही तासांनी पुन्हा. ताज्या मुरगळीला पहिले दोन दिवस शेक नको आणि तेल लावून चोळणं तर अजिबात नको. "ओढून बसवून देतो" म्हणणाऱ्याकडे एक्स-रे काढण्याआधी जाऊ नका. हाड तडकलेलं असेल तर ओढण्याने ते सरकतं.

पावसाळ्यात आणखी एक त्रास येतो, ज्याबद्दल लोक संकोचाने बोलत नाहीत: गजकर्ण. ओला ड्रेस बॅगेत गुंडाळून रात्रभर ठेवला, तोच परवा घातला, आणि जांघेत, कंबरेवर खाजणारी वर्तुळं उठली. ड्रेस प्रत्येक क्लासनंतर धुवा, जुलै-ऑगस्टमध्ये वाळत नाही म्हणून दोन जोड ठेवा, टॉवेल देऊ-घेऊ नका, घरी जाताच आंघोळ. औषध दुकानातून मिळणारी, लगेच खाज थांबवणारी मिश्र मलमं लावू नका. त्यातल्या स्टेरॉइडमुळे दोन दिवस बरं वाटतं आणि मग ते हट्टाने पसरतं. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि बरं होईपर्यंत पकडीचा सराव बंद ठेवा, जोडीदाराला लागण होते.

खाण्याचं थोडक्यात: पोटभर जेवणानंतर किमान दोन तास सोडा. रविवारी सकाळी तर्री पोहे क्लासच्या नंतर, आधी नाही. आधी हवंच तर केळं किंवा मूठभर फुटाणे.

टप्पा ९: बेल्ट परीक्षा

नाव देण्याआधी तीन गोष्टी करून बघा. रोज ज्या भिंतीकडे तोंड करून काता करता ती सोडून दुसऱ्या दिशेने उभे राहा आणि न थांबता करा. ओळखीची खिडकी नसली की बरेच जण मध्येच हरवतात. दोनदा जोर लावून काता केल्यावर, धाप लागलेली असताना, तिसऱ्यांदा करा. आणि नव्या विद्यार्थ्याला एखादं तंत्र शब्दांत समजावून सांगा. तिन्ही जमत असतील तर बसा. दोन जमत असतील तर पुढच्या वेळी. खालच्या श्रेण्यांमध्ये आकडा कमी होत जातो, दहावी क्यू मग नववी असा, आणि ब्लॅक बेल्टनंतर दान, म्हणजे वरच्या श्रेण्यांचे आकडे, वाढत जातात. फॉर्म भरताना यात गोंधळ होतो तो टाळा.

परीक्षेच्या आठवड्यात नवं काही शिकू नका. निकालानंतरच्या आठवड्यात क्लास चुकवू नका. गळती सगळ्यात जास्त तिथेच होते.

टप्पा १०: खंड पडल्यावर परत येताना

लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, ऑफिसचा मार्च, आजारपण, खंड पडणारच. त्यानंतर जुन्याच जोराने सुरुवात करणं ही शेवटची मोठी चूक, कारण डोक्याला सगळं आठवत असतं आणि स्नायूंची सवय गेलेली असते. दुखापती परतीच्या पहिल्या आठवड्यात होताना मी वारंवार पाहतो.

सरांना आधी फोन करा, किती दिवसांचा खंड होता ते सांगा. पहिला आठवडा मागच्या रांगेत: पवित्रा, सरळ पंच, कंबरेच्या उंचीची किक, पहिला काता. जोडीदार नाही. दुसऱ्या आठवड्यात ठरलेले हल्ले. सगळं सुरळीत असेल तर तिसऱ्या आठवड्यात स्पॅरिंग, तेही निम्म्या वेळाचं. महिन्याहून मोठा खंड असेल तर प्रत्येक पायरी दुप्पट करा. तापातून उठला असाल, विशेषतः डेंग्यू किंवा चिकनगुनियाच्या मोसमात, तर सांध्यांचं दुखणं पूर्ण थांबेपर्यंत फक्त चालणं आणि काताचा पायांचा नकाशा एवढंच करा, आणि क्लासला परतण्याआधी डॉक्टरांचा होकार घ्या.